बोटाचं ऑक्सिमीटर, पाच वर्षं वापरून (उलटं धरू नका)

परवा रात्री पावणेदहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं ते तुझं मशीन ८६ दाखवून राहिलं न, ॲम्ब्युलन्स बोलावू का?" मी म्हटलं काकू आधी काका काय करून राहिले ते सांगा, तर म्हणे टीव्ही पाहून राहिले आणि भजे मागून राहिले. मग म्हटलं मशीन फिरवून दुसऱ्या बाजूनं पहा. दोन मिनिटं काहीच आवाज नाही, आणि मग "अगं बाई, ९८ आहे."

इंग्रजी आकड्यातला ९८ उलटा करून पहा एकदा कागदावर. ८६ होतो, एकदम स्पष्ट, काही संशय नाही. आमच्या घरात हीच गंमत २०२० च्या सप्टेंबरमधे झाली होती तेव्हा ती गंमत नव्हती, म्हणून म्हटलं रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या या मशीनबद्दल एकदा लिहूनच टाकावं. लोक तर्री पोह्याच्या ठेल्यावर दोन दोन पानं लिहितात, हे मशीन आम्ही तर्री पोह्यापेक्षा जास्त वेळा वापरलंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही, तसंही ते आता पुसलं गेलंय, फक्त शेवटची दोन अक्षरं उरली. पांढरं निळं, कपडे वाळवायच्या मोठ्या चिमट्यासारखं, गळ्यात अडकवायला दोरी (ती पहिल्या आठवड्यातच पोरानं काढून भोवऱ्याला लावली), ट्रिपल ए चे दोन सेल. ऑगस्ट २०२० मधे आमच्या चौकातल्या मेडिकलमधून घेतलं. मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान बरं का, मेडिकल हॉस्पिटल नाही, नागपूरकरांना हा खुलासा लागतोच, आणि आम्ही हनुमाननगरचे, आम्हाला तर दोन्ही मेडिकल जवळच. एमआरपी छापली होती ३,२०० आणि मला दिलं १,९०० ला, तेही भाऊंनी असं दिलं जसं काही उपकारच करून राहिले. म्हणे ताई हा शेवटचा पीस, उद्या भाव विचारू नका. दुसऱ्या दिवशी गेली तर काउंटरवर अजून चार शेवटचे पीस होते.

पण त्या भाऊंनी एक गोष्ट चांगली केली. आधी स्वतःच्या बोटाला लावून दाखवलं, मग माझ्या, आणि मग खिशातला पेन काढून त्यात घातला. म्हणे काही काही डुप्लिकेट मशीन पेनालाही ९७ ऑक्सिजन दाखवतात. आमच्यावाल्यानं पेनाला नुसत्या रेषा दाखवल्या. ही टेस्ट आजही घेताना करा, दुकानातच करा.

आता घेतलं कशाला ते सांगते, कारण घरात तेव्हा कोणालाच काही झालं नव्हतं.

मी बँकेत आहे, तेव्हा इतवारीकडच्या ब्रांचला कॅश काउंटरवर होती. नागपुरात कोरोनाचा पहिला पेशंट सापडला ११ मार्च २०२० ला, त्या आठवड्यात आम्ही ब्रांचमधे हसतच होतो, एकमेकांना नमस्कार करायचो कोपरानं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून लॉकडाऊन, आणि बँका मात्र चालू. एप्रिलमधे रोज पेपरमधे सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा, आणि सतरंजीपुरा म्हणजे आमच्या ब्रांचच्या शेजारी म्हणावं इतकं जवळ. बांबू आणि टिनाचे पत्रे लावून गल्ल्या बंद केलेल्या, मी ओळखपत्र गळ्यात घालून स्कूटीवर त्याच्या बाजूनं जायची, आणि काउंटरवर लोक थुंकी लावून नोटा मोजून द्यायचे. हो, थुंकी लावून, मास्क खाली करून. माझ्या शेजारची मॅडम नोटांवर इस्त्री फिरवायची घरून आणलेली, त्यात एकदा एक नोट पिवळी पडली तर तिनं स्वतःच्या पर्समधून बदलून दिली.

घरी आलं की बाहेरच्या नळावर आंघोळ, कपडे बादलीत, स्कूटीची चावी सॅनिटायझरमधे, मोबाईल पण पुसायचा. तेव्हा आम्ही दुधाची पिशवी धुवायचो, भाजी खायच्या सोड्याच्या पाण्यात, संत्रीसुद्धा एक एक पुसून. आणि एवढं सगळं करूनही रात्री झोपताना एकच विचार, मी आणलं तर. मला होईल याची भीती कमी होती, माझ्यामुळं आईंना होईल ही जास्त. आई म्हणजे सासूबाई, तेव्हा ६८ वर्षांच्या, शुगर, बीपी, आणि काटोलकडच्या असल्यामुळे कोणाचं ऐकणं नाही. आणि त्या काळात पेपरवाले लिहायचे की ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला समजतच नाही, बोलत असतो, चहा पीत असतो आणि आतून खाली चाललेला असतो. हे वाचल्यावर मी तीन रात्री आईंच्या खोलीच्या दारात उभी राहून त्यांचा श्वास ऐकत होती. चौथ्या दिवशी मशीन घेतलं.

वापरायला सोपं आहे, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. बोट आत, नख वर, बटन दाबा, आठ दहा सेकंद हलायचं नाही. दोन आकडे येतात, वरचा एसपीओटू म्हणजे ऑक्सिजन किती टक्के, खालचा पीआर म्हणजे नाडी. सोबत आलेली माहितीपुस्तिका मात्र चिनी माणसानं झोपेत इंग्रजीत लिहिल्यासारखी, तिच्यावर एक स्टार कमी. सगळं समजावलं ते आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फोनवर. ९५ च्या वर असेल तर गप झोपा, ९४ आलं तर मला फोन करा, आणि सहा मिनिटं घरातल्या घरात चालून परत लावा, तीननं खाली आलं तरी फोन करा. मग आमचं सुरू, हॉल ते किचन चौदा पावलं. आई हरिपाठ म्हणत चालायच्या, म्हणे घड्याळ कायले पाहिजे, एवढे अभंग झाले की सहा मिनिटं.

पोराला तेव्हा ऑनलाईन शाळेत प्रोजेक्ट होता, घरातली एक वस्तू, त्यानं हेच घेतलं, म्हणून मलाही समजलं की हे चालतं कसं. वरच्या पाकळीतून दोन प्रकारचा प्रकाश सोडतात, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, खालच्या पाकळीत तो मोजतात. ऑक्सिजन घेतलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं आणि ऑक्सिजन नसलेलं लाल जास्त. पण बोटात कातडी, हाड, मांस सगळंच आहे, मग नेमकं धमनीतलंच रक्त कसं समजायचं? तर नाडीसोबत जेवढं कमीजास्त होतं तेवढंच धरायचं. ही युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनियरची, १९७४ ची. तो दुसरंच काहीतरी मोजून राहिला होता आणि नाडीची धडधड त्याच्या मोजणीत लुडबूड करायची, ती काढून टाकता टाकता त्याला दिसलं की कामाची गोष्ट लुडबुडीतच आहे. तो वारला १८ एप्रिल २०२० ला, म्हणजे जगभर लोक त्याचं मशीन शोधत फिरू लागले त्याच दिवसांत. पोराला प्रोजेक्टमधे ए प्लस मिळाला, मशीन मात्र दोन दिवस त्याच्या दप्तरात आणि मी घरभर शोधत.

आता ते ८६. सप्टेंबरचा महिना, नागपुरात पहिली लाट जोरात, त्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूकसुद्धा निघाली नव्हती. आईंना त्याचं फार लागलं होतं. म्हणे रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणायचं तेच वर्ष आणि याच वर्षी मारबत घरात, मग रोगराई नेईन कोण? हे त्या हसत नव्हत्या म्हणत, खरंच विचारत होत्या. तर त्या महिन्यात एका रात्री साडेअकराला आईंना ठसका लागला, मी लाईट न लावता त्यांच्या बोटाला मशीन लावलं, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून, म्हणजे आकडा माझ्याकडून उलटा. ८६. परत लावलं, ८६. दुसऱ्या हाताला, ८६. मी यांना उठवलं, यांनी डॉक्टरांना फोन लावला तो लागेना, मी आईंची पिशवी भरली, चादर, औषधं, शुगरचं पुस्तक, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि रडत रडत त्यात कुंकवाची डबी टाकली, काहून टाकली माहीत नाही, सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई पलंगावर बसून म्हणे, "मले काहीच नाही झालं, वेलदोडा अटकला होता घशात. कायले लावून रायली तू ते चिमटं?" पोरगा डोळे चोळत आला, मशीन पाहिलं आणि म्हणे मम्मी हे तर ९८ आहे.

कोणीच हसलं नाही. मी बाथरूममधे जाऊन बसली अर्धा तास.

तर कंपनीवाल्यांनो, आकड्याच्या खाली एक रेघ मारायला किती खर्च येतो? हाऊजीच्या सोंगट्यांवर ६ आणि ९ च्या खाली रेघ असते, ज्यात जास्तीत जास्त वीस रुपये जातात. इथं माणूस जाते. महागड्या मॉडेलमधे बटन दाबलं की आकडे फिरतात असं नंतर समजलं. आमच्याला ते नाही. आम्ही वरच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, ठिपका आकाशाकडं, बोट पोटाकडं. काकूंना देताना हे सांगायचं राहून गेलं, माझी चूक.

नेलपॉलिशवरून आठवलं, बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकड्यावर भरोसा ठेवू नका. थंड बोटालाही खोटं दाखवते. जानेवारीत सकाळी माझंच ९१ आलं होतं, हात चोळून परत लावलं तर ९७. गच्चीवर उन्हात पण लावू नका. आणि दोन टक्के इकडंतिकडं होतंच, त्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' वाल्या ताई घरोघरी आल्या होत्या न मशीन आणि ताप मोजायची गन घेऊन, त्यांच्यावाल्यात आई ९६ आणि आमच्यावाल्यात ९८, एकाच वेळी, एकाच बोटाला. त्यानंतर मी मनातल्या मनात दोन वजा करूनच वाचायला लागली, ते एक नवीनच दुखणं. पुढं वाचलं की डिसेंबर २०२० मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं होतं, तर काळ्या पेशंटमधे ऑक्सिजन खरंच कमी असून मशीननं बरा दाखवला असं गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सापडलं. आणि हेच मशीन बोटाला लावून आपल्या गव्हाळ सावळ्या घरात आपण एक एक टक्क्यासाठी भांडत होतो.

मशीनचा दोष नाही पण सांगते, एकदा घरात आलं की हात थांबत नाही. चहाच्या आधी, चहाच्या नंतर, ब्रांचमधून आल्यावर, कोणी शिंकलं की, टीव्हीवर बातम्या संपल्या की. मी वहीत लिहायची, पोराची जुनी गणिताची वही, तारीख, वेळ, नाव, आकडा. ती वही आजही आहे, ऑगस्ट ते डिसेंबर पानंच्या पानं ९७, ९८, ९८, ९७, कोणी पाहिलं तर म्हणेल ही बाई काय करून राहिली होती. सुरुवातीला वाटायचं आकडा दिसला की जीव शांत होते. व्हायचा पण, वीस मिनिटं. मग परत. आधी भीती नुसती पोटात होती, मशीन आल्यावर तिला वेळापत्रक मिळालं, मी तर ब्रांचमधे दुपारी अडीचला अस्वस्थ व्हायची कारण अडीचला आईंचं मोजायचं असायचं आणि त्या फोन उचलायच्या नाहीत.

मग २०२१. नागपूरला १५ ते २१ मार्च परत लॉकडाऊन लागलं तेव्हाच अंदाज आला होता, एप्रिलमधे तर क्रीडा चौकाकडून मेडिकलकडं जाणाऱ्या ॲम्ब्युलन्स रात्रभर. आधी मी मोजायची, नंतर सोडलं. १४ एप्रिलला हे पॉझिटिव्ह. आणलं कोणी ते आजपर्यंत समजलं नाही, मी निगेटिव्ह होती, तरी सहा महिने मी मनात तेच उगाळत बसली.

ज्या कामासाठी घेतलं ते काम आता होतं. हे आतल्या खोलीत कूलर लावून, आम्ही हॉलमधे. दर दोन तासानं यांनी मशीन लावून फोटो पाठवायचा, नुसता आकडा सांगितलेला चालणार नाही असा नियम मी केला, कारण पहिल्या दोन दिवसांतच मला समजलं हे खोटं सांगून राहिले. फोटोतही फसवायचा प्रयत्न केला. सहाव्या दिवशी पहाटे चारला ९६ चा फोटो आला आणि सहाला परत ९६ चा, मी खालचा आकडा पाहिला, नाडी ८८, दोन्हीत ८८, आणि दोन्हीत अंगठ्याजवळ तीच सुरकुती. दार उघडून आत गेली मास्क लावून. ९३ होतं. म्हणे तू झोपली नव्हती चार दिवसांची, म्हणून पाठवला.

बेडचं विचारू नका. किती फोन लावले ते मलाच आठवत नाही, कोणी म्हणे वेटिंग, कोणी म्हणे ऑक्सिजनचं स्वतःचं पहा. डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर यांना पालथं झोपवलं, छातीखाली उशी, पोटाखाली उशी, आणि म्हणे अर्ध्या तासानं मोजा. त्या अर्ध्या तासात मी मशीनकडं पाहत बसली होती जसं दहावीच्या निकालाकडं. ९५ आलं. मग चार दिवस तेच, पालथं, कुशीवर, परत पालथं, ९४, ९५, ९४, ९६. २३ तारखेला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे आली, तीन टँकर नागपूरला उतरवले आणि बाकीचे नाशिकला गेले, ते आईंनी टीव्हीवर पाहून रेल्वेला हात जोडले. बेड लागलाच नाही यांना. मशीनमुळे वाचले असं मी म्हणणार नाही, पण कधी घाबरायचं आणि कधी नाही एवढं त्या चार दिवसांत त्यानं बरोबर सांगितलं, हे कबूल करते, आणि १,९०० वसूल.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचा मुलगा मशीन मागायला आला होता, त्याच्या बाबांना ताप होता. झिपवाल्या पिशवीत घालून दारात ठेवलं. दहा मिनिटांत त्याचा फोन, "ताई तुमचं मशीन बिघडलं वाटते, ८१ दाखवून राहिलं." मी हसतच म्हटलं अरे उलटं धरलं असशील, आमचंही असंच झालं होतं. त्यानं हो म्हटलं, फोन ठेवला. मग मी वहीच्या कोपऱ्यात ८१ लिहून वही फिरवली. १८ होतो. उलटं नव्हतं.

मी धावत वर गेली. तो म्हणे नाही ताई मशीनच खराब आहे, बाबा बोलून राहिले न नीट, माझ्याशी बोलून राहिले. मी त्याच्या बोटाला लावायला सांगितलं. ९८ आलं. काका पलंगावर बसून मला म्हणाले बेटा चहा घेऊन जा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कुठंतरी बेड मिळाला, काका परत आले नाहीत. माझे ते दहा मिनिटांतले हसण्याचे दोन मिनिट, त्यानं काही फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले, हेही म्हणतात, मला माहीत आहे.

महिन्यानं त्या मुलानं मशीन आणून दिलं, पुसून, त्याच पिशवीत. तोवर आमच्याकडं ब्रांचमधल्या मॅडमचं दुसरं होतं. तो गेल्यावर मी त्यावर सॅनिटायझर मारलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

बाकीचं पटकन. जुलै २०२१ मधे सरकारनं यावरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली तेव्हापासून भाव खाली आले, पुढच्या वर्षी त्याच भाऊंकडं असंच मशीन मी साडेसहाशेला पाहिलं, आता कोणी १,९०० मागत असेल तर हात जोडून बाहेर या. बीपचा आवाज बंद होत नाही, रात्री घर उठते. बिजागरी मजबूत, तीनदा ओट्यावरून पडलं, काही नाही झालं. मोठा धोका सेलचा, २०२३ मधे कपाटात पडून पडून सेल गळले, आत हिरवं पांढरं बुरशीसारखं, यांनी कापूस आणि व्हिनेगरनं साफ केलं तर चालू झालं. वापरत नसाल तर सेल काढून ठेवा. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारे ॲप येतात, ते चुकूनही नाही. आणि ज्यांच्या घरी दम्याचे, हृदयाचे पेशंट आहेत त्यांनी घ्यावं, डॉक्टरांना विचारून, ज्यांचा स्वभाव माझ्यासारखा आहे त्यांनी घेतलं तर वही घेऊ नये.

पाचपैकी साडेतीन. एक माहितीपुस्तिकेचा कापला, अर्धा उलट्या आकड्याचा. खरं तर उलट्या आकड्याचा जास्त कापायला पाहिजे पण ठिपक्यानं काम भागलं.

खालच्या मजल्यावरच्या काकांचा खोकला कालपासून कमी आहे म्हणे, भजे पण खाल्ले. मशीन अजून त्यांच्याकडंच आहे, आज तिसरा दिवस. काल रात्री आई जरा जास्त वेळ खोकल्या तर माझा हात फ्रिजवर गेला, तिथं नव्हतं. उद्या मागून आणते, सेलही काढायचे आहेत.